कुत्र्याला अंथरूण द्या, खान्देशच्या हवेला मानवेल असे

कुत्र्याच्या अंथरुणाचा विषय निघाला की खान्देशात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कुत्राले गादी कसाले?" विचारणारा माणूस निर्दय नसतो. तो आपल्या भाकरीतला तुकडा रोज कुत्र्याला टाकतो आणि रात्री मळ्यात त्याच्याच भरवशावर डोळे मिटतो. त्याचे म्हणणे एवढेच, की जनावर आहे, कुठेही अंग टाकेल.

अंग टाकते हे खरे. पण ती जागा त्याला मानवते का, हे कोणी बघत नाही. मोठा कुत्रा दिवसातले १२ ते १४ तास झोपून किंवा पडून काढतो. लहान पिल्लू तर १८ ते २० तास झोपते. त्याचे अर्धे आयुष्य ज्या चार-सहा चौरस फुटांवर जाते ती जागा तापलेली, ओली किंवा टणक असेल, तर दुखणे तिथूनच सुरू होते. कोपराला घट्टे, कातडीला खाज, कानात गोचीड, म्हातारपणी उठताना कण्हणे, अशा तक्रारी घेऊन माणसे पशुवैद्यकीय दवाखान्यात जातात, औषध आणतात, आणि कुत्रा पुन्हा त्याच जागेवर जाऊन झोपतो.

दुसरीकडे जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये आता लॅब्रॅडॉर, पग, पॉमेरेनियन बरेच दिसतात. त्यांच्यासाठी हौसेने मऊ, लोकरी केसांची, उंच काठाची गोल गादी मागवली जाते. थंड मुलखातल्या घराला ती शोभते. आपल्याकडे होळी झाली की तीच गादी कुत्र्याला नकोशी होते. तो उठून मोरीच्या फरशीवर जाऊन पडतो आणि घरचे म्हणतात, एवढी महागाची आणली तरी याला कदर नाही. दोष कुत्र्याचा नाही. गादी चुकली आहे.

म्हणून दोन्ही प्रकारच्या घरांना माझे एकच सांगणे आहे. खान्देशात कुत्र्याला बारा महिने एक अंथरूण चालत नाही. जागा आधी निवडा, गादी नंतर घ्या, आणि वर्षातून तीनदा अंथरूण बदला. त्यासाठी फार पैसा लागत नाही. लागणारे बरेचसे सामान आपल्याच खान्देशात तयार होते.

आधी त्याचे अंग ओळखा

आपल्याला सर्वांगाला घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गादीला, आणि तेवढ्याने अंग थंड होत नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तोंडातली आणि श्वासमार्गातली ओल हवेत उडते आणि त्यातून उष्णता बाहेर जाते. दुसरा उपाय म्हणजे पोट गार जमिनीला टेकवणे. पोटावर केस विरळ असतात, म्हणून तिथून उष्णता लवकर निघते. कुत्रा माठाखालच्या ओल्या जागी का बसतो, कडुलिंबाखाली माती उकरून खड्डा का करतो, याचे उत्तर हे आहे. तो खोडी करत नाही, स्वतःचे अंथरूण स्वतः तयार करत असतो.

त्याच्या अंगाचे नेहमीचे तापमान आपल्यापेक्षा जास्त, साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले की जिवाला धोका होतो. जळगाव-भुसावळचा मे महिना आठवा. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, म्हणजे हवा त्याच्या अंगापेक्षा गरम होते. अशा हवेत त्याला वाचवतात त्या तीन गोष्टी : सावली, वारा आणि ओल. उन्हाळी अंथरुणाची परीक्षा या तीन गोष्टींवरच घ्यायची.

जात आणि वय यांनीही फरक पडतो. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची धाप अपुरी पडते, म्हणून उन्हाचा त्रास त्याला सगळ्यात आधी होतो. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड अंगाने जड असतात, त्यांचे वजन झोपेत कोपर आणि खुब्यावर येते. आपला गावठी कुत्रा उन्हाला सरावलेला आहे, पण त्याचे केस आखूड आणि विरळ असतात, त्यामुळे धुळ्याच्या थंडीत तो कुडकुडतो. पिल्लाला जन्मानंतरचे पहिले दोन आठवडे अंगात ऊब टिकवताच येत नाही. म्हाताऱ्या कुत्र्याच्या अंगावर मांस कमी राहते आणि हाडे टोचतात.

जागा निवडताना

कागद-पेन नको, मोजपट्टी नको. दुपारी दोन वाजता कुत्र्याच्या झोपायच्या जागेवर आपला तळहात टेकवा आणि मनात सात-आठ आकडे मोजा. तेवढा वेळ हात ठेववला नाही, तर ती जागा त्याच्यासाठी नाही. हीच परीक्षा थंडीत पहाटे घ्या. हाताला गारठा झोंबला, तर तिथे रात्र काढणाऱ्याचे काय होत असेल हे वेगळे सांगायला नको.

गच्ची ही उन्हाळ्यात कुत्र्याची जागा नाही. स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत ती उष्णता सोडत राहतो. पत्र्याच्या शेडखालीही हीच गत. पत्र्याचे शेड वापरायचेच असेल तर वर कडब्याचा किंवा पाल्याचा जाड थर टाका आणि दोन बाजू वाऱ्याला मोकळ्या ठेवा. लोखंडी पत्र्याचा पिंजरा तर भर उन्हात भट्टीच होतो. ज्या घराला ओटा किंवा ओसरी आहे तिथे पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची बाजू निवडा, कारण दुपारनंतरचे ऊन पश्चिमेकडून येते. जुन्या धाब्याच्या घरात जाड मातीच्या भिंतींमुळे दुपारी आत गारवा असतो. अशा घरात कुत्र्याला दुपारचे चार तास उंबऱ्याच्या आत येऊ द्या. त्यात कमीपणा नाही.

जागा वाटेत नको, पण अगदी एकाकीही नको. कुत्र्याला घरची माणसे दिसली की तो निवांत झोपतो. मागच्या बोळात, एकटा, अंधारात बांधलेला कुत्रा रात्रभर भुंकतो आणि दिवसा चिडचिडा होतो. त्याची जागा कायम राहिली की आणखी एक फायदा होतो. घरातल्या लहान मुलांना सांगता येते, की तो त्याच्या अंथरुणावर असताना त्याला हात लावायचा नाही, ओढायचे नाही, अंगावर पडायचे नाही. झोपेतून दचकून उठलेला कुत्रा घरातल्या मुलालाही चावतो. चूक झाली म्हणून कुत्र्याला त्या जागेवर नेऊन रागावू नका. तिथे त्याला भीती वाटता कामा नये.

मूळ सामान : लहानशी खाट

आमच्या भागात कुत्र्यासाठी सगळ्यात चांगले अंथरूण कोणते, असे कोणी विचारले तर मी खाट असे उत्तर देईन. आपण उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपतो ते खालून वारा लागावा म्हणून. कुत्र्यालाही तेच हवे. नवारीची किंवा नायलॉनच्या पट्टीची लहान खाट सुतार किंवा वेल्डिंगवाला सहज करून देतो. जमिनीची धग वर येत नाही, पावसात ओल लागत नाही, विंचू-काटा थोडा दूर राहतो, आणि वजन पट्ट्यांवर पसरल्याने कोपराला टोचत नाही.

माप घ्यायचे ते कुत्रा कुशीवर पाय ताणून झोपलेला असताना. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी घ्या आणि तिच्यात वीतभर वाढवा. रुंदी पाठीपासून ताणलेल्या पंजापर्यंत. गावठी कुत्र्याला साधारण ३ फूट बाय २ फूट पुरते. लॅब्रॅडॉर, शेफर्डला ४ फूट बाय अडीच फूट लागते. उंची तरण्या कुत्र्याला ८ इंच चालेल, म्हाताऱ्याला आणि पगसारख्या बुटक्याला ४ इंचांपेक्षा जास्त नको. पिल्लाला खाट देऊच नका, ते पडते. विणकाम ताठ असू द्या. झोळ पडलेली खाट पाठीला वाईट. सांगाडा लोखंडी असेल तर खाट कायम सावलीत हवी, कारण उन्हात पाइप चटका देतो. कडा आणि वेल्डिंगचे टोक घासून गुळगुळीत करून घ्या.

साखळी खाटेला कधीही बांधू नका. पायांत गुंतून ती गळ्याला आवळते.

उन्हाळा : होळीपासून मृगापर्यंत

होळी झाली की गादी, गोधडी, लोकर सगळे उचलून ठेवा. नुसती खाट ठेवा, खाली पाणी शिंपडा. तागाचे बारदान भिजवून, पिळून खाटेखाली पसरले की येणारा वारा गार होतो. चैत्र-वैशाखात आपली हवा कोरडी असते, म्हणून ही युक्ती आणि कूलर दोन्ही चांगले काम करतात. कूलर लावला तर खिडकी थोडी उघडी ठेवा. जूनमध्ये हवा दमट झाली की बंद खोलीतला कूलर उलट त्रास देतो. दमट हवेत तोंडातली ओल उडत नाही आणि धाप टाकूनही अंग निवत नाही. त्या दिवसांत पाणी कमी आणि पंख्याचा वारा जास्त असा हिशोब ठेवा. कूलरची वायर आणि पाणी त्याच्या जागेपासून लांब असू द्या.

मळ्यातल्या कुत्र्याचे वेगळे असते. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीच्या बागेत तो दुपारी ठिबकच्या नळीजवळची ओली माती उकरून बसतो. कधी नळी उखडते आणि तो मार खातो. त्याला मारण्यापेक्षा त्याची सोय करा. विहिरीजवळ किंवा शेडच्या सावलीत ३ फूट लांब-रुंद, अर्धा फूट खोल खड्डा करा, बांधकामातून उरलेली वाळू भरा आणि सकाळी, दुपारी तिच्यावर पाणी मारा. ओल्या वाळूचे हे अंथरूण त्याला इतके आवडते की नळीकडे त्याचे लक्ष सहसा जात नाही. शेजारी मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा. प्लॅस्टिकच्या डब्यातले पाणी दुपारी चहासारखे तापते, ते तो पीत नाही.

उष्माघाताची लक्षणे घरातल्या सगळ्यांना माहीत हवीत. धाप थांबत नाही, लाळ चिकट होते, हिरड्या लालभडक दिसतात, उलटी होते, चालताना झोक जातो. असे दिसले की ताबडतोब सावलीत न्या, अंगावर, विशेषतः पोटावर आणि पायांवर साधे पाणी ओता आणि वारा घाला. ओले फडके अंगावर गुंडाळून तसेच ठेवू नका. काही मिनिटांत ते गरम होते आणि आतली उष्णता कोंडते. शुद्धीवर असेल तर थोडे थोडे पाणी पाजा, तोंडात जबरीने ओतू नका. आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. बरे वाटतेय म्हणून घरी थांबू नका.

पावसाळा : ओल हाच शत्रू

आपली काळी माती पायाला चिकटते, पंजांच्या बोटांमध्ये बसते आणि अंथरुणावर येते. ओल्या अंथरुणावर झोपलेल्या कुत्र्याला बुरशी होते, केस जातात, वास येतो. या दिवसांत खाटेवर एकच पातळ सुती चादर किंवा जुन्या लुगड्याची दुपदरी घडी घाला आणि असे तीन तुकडे फिरवत ठेवा. एक अंगाखाली, एक धुण्यात, एक वाळत. जाड गादी पावसात लवकर वाळत नाही, म्हणून ती या चार महिन्यांत नकोच.

जळगावची प्लॅस्टिकची चटई इथे उपयोगी पडते. इथल्या औद्योगिक वसाहतीत चटया विणणारे अनेक कारखाने आहेत आणि त्यांची चटई दूरदूर जाते. खाट नसेल तर ओल्या फरशीवर आधी चटई, तिच्यावर चादर असे करा. चटई पाण्याने धुतली की लगेच वाळते. दोन पथ्ये पाळा. उन्हात पडलेली चटई तापते, म्हणून ती सावलीतच ठेवायची. आणि कडेचे धागे सुटले की चटई बदलायची, कारण पिल्ले ते चावून गिळतात.

पावसाळ्यात नाग, घोणस, मण्यार कोरड्या जागेच्या शोधात घराकडे येतात. सरपणाचा ढीग, पऱ्हाटीची गंजी, विटांची रास यांच्या शेजारी कुत्र्याची जागा ठेवू नका. रात्री तिथे काही हलले की पहिला धावतो तो हाच.

हिवाळा : ऊब खालून जाता कामा नये

दिवाळीनंतर धुळ्याचा पारा उतरू लागतो आणि काही वर्षी तो ५-६ अंशांपर्यंत जातो. उन्हाळ्यात ज्या खाटेने वाचवले तीच आता खालून गार वारा देते. म्हणून थंडीत खाट एक तर उचलून ठेवा, नाही तर तिच्यावर चटई, मग गोधडी, मग वर लोकर असे थर द्या. थंडी वरून लागते असे आपल्याला वाटते, पण कुत्र्याच्या अंगातली ऊब मोठ्या प्रमाणात खाली फरशीत जाते. पांघरूण तो झोपेत पाडतो. अंथरूण जाड हवे.

लोकरीत सगळ्यात चांगली जुनी घोंगडी. साक्री-धुळे भागातले ठेलारी मेंढपाळ मेंढरांच्या वाड्यावर उघड्या माळावर तिच्याच उबेवर रात्री काढतात आणि त्यांचे कुत्रेही त्याच थंडीत राखण करतात. दहिवराने ओलसर झाली तरी लोकर ऊब देते, सुती कापड ओले झाले की उलट गारठवते. घरात विरलेली घोंगडी पडली असेल तर ती फेकू नका. चौघडी करून कुत्र्याला द्या.

उघड्यावर झोपणाऱ्या कुत्र्याला कापडापेक्षा कोरडा कडबा किंवा गव्हाचे लांब काड चांगले. त्यात तो गोल फिरून स्वतःची खोलगट जागा करतो आणि अंगाची ऊब आत टिकते. बारीक भुसा नको, तो नाकाडोळ्यांत जातो. दर आठवड्याला जुने काढून नवे घाला. काढलेले गुरांना घालू नका, उकिरड्यात टाका.

दोन धोके सांगतो. थंडीत कुत्रे चुलीच्या राखेत जाऊन झोपतात आणि आतल्या निखाऱ्यावर भाजतात. राख रात्री पाणी मारून विझवा. गाडीचे इंजिन गरम असते म्हणून पिल्ले गाडीखाली, चाकाला टेकून झोपतात. सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेटवर थाप मारा आणि खाली वाकून बघा.

म्हातारे, आजारी आणि पिल्ले

सात-आठ वर्षांचा मोठा कुत्रा म्हातारपणाकडे झुकलेला असतो. त्याला गादी हा लाड नाही, औषधाइतकी गरज आहे. टणक फरशीवर कोपराची कातडी जाड होते, काळी पडते, कधी तिथे पाण्याची गाठ येते. सांधे दुखणाऱ्या कुत्र्यासाठी ३ ते ४ इंचांचा घट्ट फोम घ्या. दुकानात त्याच्यावर मूठ जोरात दाबा. मुठीला खालची लाकडी फळी लागली तर तो फोम नको. फार मऊ, अंग रुतणारी गादीही नको, कारण तिच्यातून उठताना मागच्या पायांना जोर लागतो. गादीपुढे गुळगुळीत फरशी असेल तर चटईचा तुकडा किंवा रबरी पायपुसणे टाका, म्हणजे पाय घसरणार नाहीत. उठताच न येणाऱ्या कुत्र्याची कूस दर तीन-चार तासांनी बदला, नाही तर हाडाच्या जागी जखमा होतात.

पिल्लाला खोके पुरते. केळी भरायची पुठ्ठ्याची रिकामी खोकी आपल्याकडे सहज मिळतात. एक बाजू कापून दार करा, पिना काढून टाका, आत जुन्या सुती साडीची घडी घाला. पिल्लू हे ओले करणार, चावणार, फाडणार. म्हणून सहा-आठ महिने महागाची गादी घेऊ नका. बटणे, चेन, दोऱ्या, थर्माकोलच्या गोळ्या भरलेल्या पिशव्या त्याच्याजवळ नकोत. गिळलेला दोरा किंवा फोमचा तुकडा आतड्यात अडकला तर शस्त्रक्रिया करावी लागते.

भरण, शिवण आणि खोळ

कापसाच्या मुलखात राहून आपण कुत्र्यासाठी कृत्रिम धाग्याची गादी का घ्यावी? गादी भरणाऱ्याकडे माणसांच्या गाद्या पिंजताना निघालेला जुना कापूस असतो, तो कमी पैशांत मिळतो. त्याची पातळ गादी भरून घ्या आणि टाके जवळजवळ मारायला सांगा, म्हणजे कापूस गोळा होणार नाही. भरण सरकी काढलेल्या रुईचेच हवे. सरकीत गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते आणि ते कुत्र्याच्या पोटात जाणे धोक्याचे आहे. घरातली जुनी गोधडी तर सगळ्यात उत्तम. ती धुता येते, उन्हात कडक वाळते आणि तिला घरच्या माणसांचा वास असतो, म्हणून नवा आणलेला कुत्रा तिच्यावर लवकर रमतो.

गादीला दोन खोळी करा. आतली रेक्झिनची, म्हणजे लघवी कापसात मुरणार नाही. बाहेरची जाड सुती कापडाची. नुसत्या रेक्झिनवर कुत्र्याला झोपवू नका, ते उन्हाळ्यात चिकटते आणि हिवाळ्यात गार पडते.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. कीटकनाशकाचे खोके, खताची गोणी, औषध लावलेल्या बियाण्याची पिशवी कुत्र्याखाली अंथरू नका. शेतकऱ्याच्या घरात या गोण्या फुकट असतात, म्हणून हाताशी येतात. धुतल्या तरी औषधाचा अंश विणीत राहतो. कुत्रा अंग चाटतो, पंजे चाटतो, आणि ते पोटात जाते. बारदान घ्यायचे ते धान्याचे घ्या.

स्वच्छता आणि गोचीड

गोचीड कुत्र्याच्या अंगावर दिसते तेवढीच असते, असे समजू नका. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून उतरते, भिंतीच्या फटीत किंवा अंथरुणाच्या शिवणीत जाते आणि हजारोंनी अंडी घालते. म्हणून कुत्र्याला कितीही औषध लावले तरी अंथरूण आणि भिंत तशीच राहिली तर पंधरा दिवसांत पुन्हा गोचीड. तिच्यामुळे होणाऱ्या तापात कुत्रा खात नाही, फिका पडतो, नाकातून रक्त येते, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर दगावतो.

उपाय कष्टाचा आहे, खर्चाचा नाही. खोळ आणि चादर आठवड्यातून एकदा गरम पाण्यात साबण घालून धुवा. गादी, गोधडी आठवड्यातून एक दिवस कडक उन्हात दोन्ही बाजूंनी तापवा. खान्देशचे ऊन कुठे उपयोगी पडत असेल तर इथे. खाट भिंतीपासून हातभर लांब ठेवा. भिंतीच्या फटी सिमेंटने किंवा मातीने बुजवा. खाटेच्या विणीतून ब्रश फिरवा. सापडलेली गोचीड बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

कपाशीवर फवारायचे औषध कुत्र्याच्या अंगावर किंवा अंथरुणावर कधीही टाकू नका. गुरांच्या गोचिडांचे औषधही अंदाजाने लावू नका. कुत्र्याचे औषध आणि त्याचे पाण्याशी प्रमाण पशुवैद्यांनाच विचारा. डांबरगोळ्या अंथरुणात ठेवू नका, त्या कुत्र्याने खाल्ल्या तर विषबाधा होते. फिनाइलने जागा पुसली तर साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळू द्या आणि मगच त्याला तिथे सोडा.

कायदाही हेच सांगतो

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ११व्या कलमात मालकाने प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी आणि निवारा न देणे हा गुन्हा आहे. फार आखूड किंवा फार जड साखळीने जास्त वेळ बांधून ठेवणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये एवढाच आहे, तेव्हा त्या भीतीने कोणी सुधारेल असे नाही. पण निवारा ही दया नसून मालकाचे कर्तव्य आहे, हे साठ वर्षांहून अधिक काळ कायद्यात लिहिलेले आहे. साखळी लावायचीच असेल तर ती एवढी लांब हवी, की कुत्र्याला ऊन फिरल्यावर सावलीत जाता येईल, पाण्यापर्यंत पोहोचता येईल आणि अंथरुणापासून दूर जाऊन लघवी करता येईल. सकाळी सावलीत बांधलेला कुत्रा दुपारी उन्हात सापडतो. उन्हाळ्यात असे कुत्रे नेमके यामुळे जातात.

गल्लीतल्यांसाठीही थोडे

गल्लीतल्या कुत्र्यांची बरीच पिल्ले थंडीच्या तोंडावर जन्मतात. गल्लीत अशी वीण दिसली तर आईला हुसकावू नका आणि पिल्ले उचलून दुसरीकडे नेऊ नका. एक खोके आडवे ठेवा, तोंड आत वारा शिरणार नाही अशा दिशेला करा, वर प्लॅस्टिकचा कागद टाकून दगड ठेवा आणि आत कोरडा कडबा किंवा धान्याचे बारदान घाला. रहदारीच्या आणि शेजाऱ्याच्या दाराच्या आड येणार नाही अशी जागा बघा, म्हणजे भांडण होणार नाही. उन्हाळ्यात झाडाखाली पाण्याचे भांडे आणि एक ओले पोते एवढेही पुरे. पिल्ले मोठी झाली की रेबीजची लस आणि नसबंदी याकडे नगरपालिकेचे किंवा महापालिकेचे लक्ष वेधा. निवारा आणि नसबंदी दोन्ही सोबत चालले तरच गल्ली आणि कुत्रे दोघे सुखी राहतील.

एवढे करा

घरी कुत्रा असेल तर येत्या रविवारी तासभर त्याच्यासाठी काढा. तो दिवसभरात कुठे कुठे पडतो ते बघा, दुपारी त्या जागेवर हात ठेवा, अंथरूण उलटून शिवणीत गोचीड आहे का ते तपासा, साखळी मोजा. मग होळीला, मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर असे वर्षातून तीनदा त्याचे अंथरूण बदलायचे घरात ठरवून टाका. आखाजीला लेकी माहेरी येतात आणि घर माणसांनी भरते. त्या गर्दीत त्याची सावलीची जागा दुसऱ्या कोणी घेतली नाही ना, एवढे बघा.

गादी घ्यायला पैसे नसतील तर नका घेऊ. जुनी गोधडी धुऊन द्या. तीही नसेल तर त्याला उन्हातून उठवून सावलीत न्या आणि खाली पाणी शिंपडा. जागा बदलायला पैसे लागत नाहीत. ती आजच बदला.